लॅपटॉपच्या खोक्यावर वायफाय चिपचे नाव छापा

संपादक महोदय,

मी घरी आठवी ते दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझ्या २०१२ सालच्या लॅपटॉपवर ११ बसणार नव्हते. चांगले चालणारे यंत्र भंगारात द्यायला मन होईना, म्हणून विंडोजऐवजी डेबियन लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. स्क्रीन, आवाज, टचपॅड सगळे नीट चालू झाले. वायफाय मात्र दिसेचना.

जाऊबाईंचा लॅपटॉप त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा. आम्ही दिवाळीत एकाच दुकानातून घेतले होते. त्यांच्यावरही डेबियन टाकले, तर वायफाय लगेच लागले. दोन दिवस मला वाटत राहिले, माझेच काहीतरी चुकतेय. शेवटी दोन्हींवर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून, आत कुठल्या चिप आहेत ते दाखवणारी ‘एलएसपीसीआय’ (lspci) ही कमांड दिली आणि उलगडा झाला. मॉडेल एकच, पण आतल्या वायफाय चिप दोन वेगळ्या कंपन्यांच्या! माझ्या चिपला सुरू होताना फर्मवेअर नावाची छोटी फाइल लागते आणि ती इतरांना वाटायची परवानगी चिपच्या कंपनीने दिलेलीच नाही. डेबियनने २०२३ मध्ये, १२ व्या आवृत्तीपासून, मुक्त नसलेली (जिचा कोड खुला नाही अशी) फर्मवेअरही इन्स्टॉलरमध्ये घेतली. पण जी वाटताच येत नाही ती तेही कशी घेणार? ती नेटवरून उतरवायची, आणि नेटसाठी तर वायफाय हवे. शेवटी मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचे नेट लॅपटॉपला देणे, चालू केले. असा जोडलेला मोबाइल हा लिनक्सला नेटवर्क कार्डासारखा दिसतो. फाइल उतरली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, वायफाय आले. (कुणाचे असेच अडले असेल तर केबल आधी तपासा. माझी पहिली केबल नुसती चार्जिंगची निघाली.)

लिनक्सबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण खोक्यावर एमआरपी असते, आयातदाराचा पत्ता असतो, रॅम किती तेही असते. वायफाय चिप कुणाची हे कुठेच नसते. बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापावे लागतात, मग हजारो रुपयांच्या वस्तूला सूट का? चिपचे नाव आणि क्रमांक छापणे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सक्तीचे करावे.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीच्या वडिलांना जुना लॅपटॉप घ्यायचा आहे. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते, हार्ड डिस्कला हात लागत नाही. वायफाय लागते का ते घेण्याआधीच बघायला येत्या रविवारी तसा पेनड्राइव्ह घेऊन मी त्यांच्याबरोबर दुकानात जाणार आहे.

– एक शिक्षिका, कराड