एका कीर्तनकार बुवांना, एका नर्तकीकडून

आदरणीय बुवांस,
सा. न. वि. वि.

प्रयोगाच्या पत्रिकेत ‘विशेष आभार’ या सदराखाली तुमचा उल्लेख एका ओळीत आला. तुम्ही तर तीही ओळ नको म्हणत होतात. पण आमच्या प्रयोगात आज जे उभं आहे त्यातलं निम्मं तुम्ही दिलेलं आहे, आणि ते एका ओळीत मावत नाही. म्हणून हे पत्र, तेही उघड. आपल्याकडे बरीच तरुण मुलंमुली आता नाचता नाचता बोलू बघताहेत, गोष्ट सांगू बघताहेत. देहाने आणि वाणीने, उभ्याने, एकट्याने दोन दोन तास गोष्ट सांगणारी माणसं आपल्याच पेठांमध्ये राहतात, आणि विचारायला गेलं तर ती आपणहून वेळ देतात, हे त्यांच्या कानावर जायला हवं.

ज्यांनी प्रयोग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी विषय सांगते. पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. आदल्या रात्री लष्कराचे जवान पानशेतच्या धरणावर वाळूची पोती रचत राहिले. सकाळी धरण फुटलं. त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही आणि मुठा नदी पुण्यात काठच्या पेठांत शिरली. माझी आजी तेव्हा नारायण पेठेत राहायची. तिच्याकडून ऐकलेली गोष्ट मी रंगमंचावर सांगते आणि नाचते. सोबत दोन नर्तक आणि एक तबलजी.

बुवा, मी तुमच्याकडे आले ती श्वासाचं गाऱ्हाणं घेऊन. आमच्या नृत्यात जमिनीशी फार संबंध. पडायचं, लोळायचं, सोबत्याच्या खांद्यावरून पलीकडे जायचं, लगेच उभं राहायचं. त्यानंतर बोलायला तोंड उघडलं की पहिले चार शब्द नीट जात आणि वाक्याचं शेपूट हवेत विरून जाई. मी लहानपणी कथक शिकले, नाचाचे बोल तालात तोंडाने म्हणायची पढंत केलेली आहे, त्यामुळे तोंड आणि पाय एकत्र चालवायची सवय होती. पण बोल वेगळे आणि वाक्य वेगळं. बोलांना ठेका सांभाळतो. वाक्याला अर्थ शेवटपर्यंत पोचवायचा असतो.

तुम्ही तालमीला आलात, खुर्ची नाकारून भिंतीला टेकून सतरंजीवर बसलात आणि पहिला प्रवेश पाहून एवढंच म्हणालात, “अगं, मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘आईने मला उचलून माळ्यावर’ एवढं ऐकू आलं. पुढे काय, ठेवलं की फेकलं? क्रियापद पोचलं नाही तर वाक्य गेलं.” नृत्याच्या कुठल्याही कार्यशाळेत हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगणार तरी कसं, तिथे शिकवणारे बहुतेक जण इंग्रजीतून विचार करतात, आणि त्या भाषेत क्रियापद वाक्यात लवकर येऊन गेलेलं असतं.

मग तुम्ही मला तेच पडणं पुन्हा पुन्हा करायला लावलंत, आणि माझे पाय न बघता पोट बघत राहिलात. “पडताना श्वास सोडतेस ना? मग वाक्य तेव्हा टाक. उठताना घेतेस, तेव्हा गप्प राहा.” अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहम यांच्या पद्धतीत पोट आत ओढून देह आकसतो तो उच्छ्वासावर आणि मोकळा होतो तो श्वास घेताना, हे मी वर्गात शिकले होते. ते बोलण्याला लावायचं तुम्ही दाखवलंत. त्यांची पद्धत तुमच्या कानावर कधी आली नसेल. तुमचं ज्ञान थेट कीर्तनातून आलेलं. चिपळ्या वाजवत, मागेपुढे पावलं टाकत आख्यान सांगायचं, त्यात साकी, दिंडी अशी छंदोबद्ध पदं म्हणायची, आणि कुणालाही धाप ऐकू येऊ द्यायची नाही. ध्रुपद, म्हणजे पदाची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, साथीदारांकडे सोपवलं की तेवढ्यात बुवांचा दम परत येतो, हेही तुम्हीच उलगडून सांगितलंत. आमच्याकडे आता तेच होतं. “पाणी आलं, पाणी आलं” ही ओळ दोघे सोबती उचलतात, घोळवतात, आणि तेवढ्या वेळात माझा श्वास जागेवर येतो. पाहणाऱ्याला ती नुसती आवर्तनं वाटतात आणि तशीच वाटायला हवीत.

आता कटावाबद्दल, म्हणजे भराभर म्हणायच्या अनुप्रासांच्या पद्यरचनेबद्दल. याबद्दल मी कितीही लिहिलं तरी थोडंच.

पूर शहरात शिरतो तो भाग आम्ही आधी गद्यात लिहिला होता. मजकूर चांगला होता, पण त्यावर नाच बसत नव्हता. गद्याला स्वतःची चाल असते, ती देहाच्या चालीला बाजूला सारते. तुम्ही तो कागद वाचलात, घडी करून माझ्या हातात दिलात आणि कटाव म्हणायला सुरुवात केलीत. अठराव्या शतकातल्या अमृतरायांचे कटाव मी पुस्तकात पाहिले होते, उभ्या माणसाच्या तोंडून ऐकले नव्हते. अनुप्रास एकमेकांवर आदळत होते, यमक संपायच्या आत पुढचं सुरू होत होतं. आणि ऐकता ऐकता आमच्यातला एक नर्तक बोटांवर आठ मोजायला लागला. आमचं सगळं शिक्षण आठाच्या मोजणीत होतं, एक ते आठ, पुन्हा एक ते आठ. आठ मात्रांच्या तुकड्यांत आपलाच कटाव रचता येईल हे त्या क्षणी सगळ्यांना एकदम कळलं. त्याच संध्याकाळी तुमच्यासमोर बसून आम्ही रचला:

खळखळ खळखळ गढूळ गरजत
विठ्ठलवाडी वळसा घालत
लकडी पूलहि गिळून टाकत
ओंकारेश्वर घाट बुडवीत

मात्रा तुम्ही तपासल्यात. ‘बुडवत’चं ‘बुडवीत’ तुम्ही केलंत, कारण एक मात्रा कमी पडत होती. आणि ठिकाणांची नावं नदीच्या ओघाच्या क्रमानेच यायला हवीत असा आग्रह धरलात, कारण “समोर पुणेकर बसलेत, त्यांच्या डोळ्यांपुढून पाणी चाललंय, त्यांना मागे नेऊ नकोस.” आता प्रयोगात हा कटाव सुरू झाला की तिघेही नर्तक एकाच मोजणीवर असतात, शब्दांना वेगळं सांभाळावं लागत नाही, आणि प्रेक्षकांत कुठेतरी पाय हलायला लागतात. गोष्ट इतकी भयानक असताना पाय का हलावेत, असं मला सुरुवातीला वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, युद्धाचं वर्णन ऐकतानाही हलतात, त्यानेच माणूस आत ओढला जातो.

हे झालं वेगाचं. थांबण्याचं त्याहून मोठं.

आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा एका जागी नेहमी थांबायची. पाणी अंगणात आलं, जिन्यापाशी आलं, शेजारच्या काकूंनी हाक मारली, इथवर सगळं तपशिलाने. चुलीवर दूध तसंच राहिलं, हेसुद्धा. त्यानंतर एकदम गाळ. घरभर गाळ, भिजलेल्या धान्याचा वास, कपड्यांवरून न जाणारे डाग. मधला भाग तिने कधीच सांगितला नाही. मी तो इतरांच्या आठवणींतून, जुन्या वर्तमानपत्रांतून गोळा केला होता आणि लिहून काढला होता. तुम्ही तो ऐकलात आणि विचारलंत, हे आजीने सांगितलं का? मी नाही म्हटलं. “मग तिच्या गोष्टीत ते घालू नकोस. ती जिथे थांबते तिथे तूही बोलणं थांबव. तेवढं नाचाचं.”

कीर्तनात आख्यान टिपेला पोचलं की बुवा बोलत नाहीत, नामाचा गजर होतो. हे मी आयुष्यभर पाहत आले होते आणि त्यामागची योजना तुमच्याकडून समजली. वाणीने जिथवर न्यायचं तिथवर नेलं, पुढे वाणी पुरत नाही, तिथे दुसरं काहीतरी उभं राहतं. आमच्याकडे तिथे देह उभा राहतो. काकूंची हाक झाली की तबला थांबतो, शब्द थांबतात, आणि तो सगळा मधला भाग आम्ही तिघं नुसतं नाचतो. प्रयोगातला सगळ्यात लांब निःशब्द तुकडा तोच आहे. नंतर पहिलं वाक्य येतं ते गाळाचं. बोलणारी गोष्ट आणि नाचणारी गोष्ट एकाच प्रयोगात का हवी, असं मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर त्या तुकड्यात आहे.

मी तुम्हाला परदेशातलं एक काम दाखवलं होतं, ते आठवतंय ना? १९६५ साली मर्स कनिंगहॅम यांच्या एका नृत्यरचनेत संगीतकार जॉन केज रंगमंचाच्या कडेला टेबलाशी बसून छोट्या गोष्टी वाचायचे. प्रत्येक गोष्ट एका मिनिटात बसवायची. लहान असेल तर शब्द लांबवत, मोठी असेल तर भराभर. नाचाचा गोष्टीशी मुद्दाम संबंध जोडायचा नाही, जुळला तर योगायोग. मला वाटलं होतं, तुम्ही हे बाजूला साराल. तुम्ही बराच वेळ विचार केलात आणि म्हणालात, “हा गृहस्थ घड्याळाच्या तालावर कथा करतोय. करून बघ की, कुठे बसतं ते.” ते बसलं पुरानंतरच्या दिवसांत. खडकवासला फुटल्यावर शहराला पाणीच राहिलं नाही, पुरात बुडालेल्या गावात पिण्याच्या पाण्यासाठी रांगा लागल्या. रांगेतल्या एकेका माणसाची आठवण एका मिनिटात, मागे नर्तक आपापल्या कामात. नाचाशी जुळवायचा आग्रह तिथे आम्ही सोडून दिला आणि रांगेचा कंटाळा, चिडचिड, मधेच हसू, सगळं आपोआप आलं. साठ वर्षं एक परंपरा अंगावर वागवलेल्या माणसाने परदेशातल्या प्रयोगाकडे इतक्या मोकळ्या मनाने पाहावं, हे मी विसरणार नाही.

प्रकाशाबद्दलही सांगायलाच हवं, कारण आमचा प्रकाशयोजनाकार अजून तुमचं नाव काढतो. नृत्याला आम्ही विंगांमधून आडवा प्रकाश देतो. त्याने देहाला उठाव येतो, पण चेहरा अर्धा काळोखात जातो. तुमचं म्हणणं, सांगणाऱ्याचे डोळे दिसलेच पाहिजेत, आणि सांगणाऱ्यालाही ऐकणाऱ्यांचे दिसले पाहिजेत. कीर्तनात कुणी प्रेक्षकांना अंधारात बसवत नाही. आता सांगण्याच्या जागी समोरून एक मंद दिवा येतो, आणि सुरुवातीचा भाग होईपर्यंत प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण मालवत नाही. पहिल्याच प्रयोगाला पुढच्या रांगेतले एक आजोबा मोठ्याने म्हणाले, “आम्ही पर्वतीवरून बघत होतो.” मी थांबले, त्यांच्याकडे बघून विचारलं, काय दिसलं? त्यांनी सांगितलं. सभागृह ऐकत होतं. मग मी माझ्या वाक्यावर परत आले. हरदासाची कथा मूळपदावर आणायची कशी, हेही तुम्हीच शिकवलेलं असल्यामुळे मला अजिबात भीती वाटली नाही. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक प्रयोगात कुणीतरी बोलतं. काठीवर हात ठेवून, बसल्या जागेवरून. ही त्यांचीच गोष्ट आहे आणि ती बोलायला त्यांना उजेड हवा होता.

अजून एक. तुम्ही आम्हाला कीर्तन करायला सांगितलं नाहीत. आमच्या प्रयोगात पूर्वरंग नाही, अभंगाचं निरूपण नाही, मी उपरणं घेत नाही. परंपरेतलं काही मागायला गेलं की बहुतेक वेळा ती सगळीच्या सगळी घ्यावी लागते, किंवा दारातूनच परत यावं लागतं. तुम्ही आधी विचारलंत, तुला काय अडलंय? आणि जे अडलं होतं तेवढ्यापुरतं काढून दिलंत. कुठे तुमचं वापरलं, कुठे सोडलं, याचा हिशेब कधी मागितला नाहीत. जमिनीवर लोळणाऱ्या मुलांकडे पाहून तुमच्या चेहऱ्यावर कधी आठी आली नाही. उलट एकदा त्या सर्वांत लहान मुलाला जवळ बोलावून, पडताना गुडघा कसा वाचवतोस, असं कुतूहलाने विचारत बसलात.

आता राहिली बिदागी. पाकीट दोनदा पुढे केलं, दोन्ही वेळा तुम्ही ते तबलजीच्या हातात दिलंत. या वेळी तसं चालणार नाही. पुढच्या प्रयोगाच्या दिवशी आम्ही सगळे तुमच्या घरी येणार आहोत, नारळ आणि पाकीट घेऊन, आणि काकूंनी ते ठेवून घ्यायचं कबूल केलेलं आहे.

आमच्या गटातल्या दोघीजणी तुमच्याकडे साकी आणि दिंडी शिकायला यायचं म्हणताहेत. एकीचा आवाज बारीक आहे, पण मात्रा पक्क्या आहेत. सकाळची वेळ चालेल का, एवढं कळवावं. मीही येईन. चिपळ्या मला अजून नीट वाजवता येत नाहीत आणि पुढच्या प्रयोगात त्या हव्या आहेत.

काकूंना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
पुण्यातली एक नर्तकी