इस्टरच्या रविवारी गोष्ट अर्धीच का थांबते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर डिसेंबरला पेपरात वसईच्या नाताळावर काहीतरी येतंच, केक, गोठे, कंदील, आमच्या आज्यांचे लाल लुगड्यातले फोटो, छान असतं सगळं, आम्ही कात्रणं पण ठेवतो. पण नाताळाच्या चार आठवडे आधी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आमच्या कॅथोलिक चर्चचा पाडवा झालेला असतो आणि त्या दिवसापासून वर्षभर कुठल्या रविवारी बायबलचा कुठला उतारा वाचायचा ते ठरलेलं असतं, हे मात्र कोणी लिहीत नाही. मी आमच्या पॅरिशमध्ये मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बायबलचं वाचन करते म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आत्ताची वाचनांची मांडणी १९६९ च्या आगमनकाळापासून लागू झाली. त्याआधी रविवारची तीच ती वाचनं दरवर्षी फिरून यायची, तीही लॅटिनमध्ये, आणि जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, रविवारी जवळजवळ ऐकूच यायचा नाही. मग दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, सांगितलं की बायबलचा खजिना लोकांना जास्त उघडून द्या, त्यातून हे तीन वर्षांचं चक्र आलं. येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांपैकी, म्हणजे शुभवर्तमानांपैकी, अ वर्षी मत्तय, ब ला मार्क, क ला लूक. योहानाला स्वतंत्र वर्ष नाही पण प्रायश्चित्तकाळ (इस्टरच्या आधीचा) आणि पुनरुत्थानकाळात (इस्टरनंतरच्या) बराचसा तोच असतो. कुठलं वर्ष चालू आहे ते ओळखायला सोपं, सनाला तीनने पूर्ण भाग गेला की क वर्ष.

माझ्या मते या पद्धतीची खरी गंमत अशी की उतारा तुम्ही निवडत नाही, तो तुमच्याकडे येतो, आणि तीन वर्षांनी परत येतो तेव्हा तुम्ही बदललेले असता. द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट घ्या, मत्तय अध्याय २०, अ वर्षात सप्टेंबरच्या सुमारास येते. मालक सकाळी मजूर घेतो, दुपारी घेतो, संध्याकाळी तासभर उरलेला असताना पण घेतो आणि सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. कॉलेजात असताना मला हे सरळ सरळ अन्याय वाटायचं. नोकरीला लागल्यावर तर जास्तच, कारण ऑफिसात उशिरा येऊन सारखा पगार घेणारे रोज डोळ्यासमोर होते! आता मजूर नाक्यावरून दहा वाजता रिक्षाने जाताना तिथे अजून उभी असलेली माणसं दिसतात, डबा हातात, काम नाही, तेव्हा त्या गोष्टीतलं "आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही" हे वाक्य ऐकू येतं. आधी मी ते वाक्य कधी धरलंच नव्हतं. त्याच रविवारी शुभवर्तमानाच्या आधीचं पहिलं वाचन यशया संदेष्ट्याचं असतं, माझे विचार म्हणजे तुमचे विचार नव्हेत, असं देव सांगतो ते. जुन्या करारातला उतारा शुभवर्तमानाशी असा मुद्दाम जोडलेला असतो पण आपण पहिल्या वाचनाला जागा शोधत फिरत असतो त्यामुळे ती जोडी कळतच नाही.

आता माझी तक्रार. काही ठिकाणी ही कात्री फार विचित्र चालली आहे. इस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या, रविवारी दिवसाच्या मिस्सेत सहसा योहान २० मधली १ ते ९ वचनं वाचतात. येशूची शिष्या मरिया माग्दालेना पहाटे त्याच्या कबरेकडे जाते, धोंड बाजूला दिसते, धावत सांगायला येते, पेत्र आणि दुसरा शिष्य पळत जाऊन बघतात, संपलं. पुढे दोघे घरी जातात आणि ती एकटी रडत तिथेच थांबते, येशू तिला नावाने हाक मारतो आणि बाकीच्यांना सांगायला पाठवतो, हे सगळं त्याच्या लगेच पुढच्या वचनांत आहे. पुढच्या रविवारी दरवर्षी येशू उठल्यावर विश्वास न ठेवणाऱ्या थोमाची गोष्ट येते, ती १९ व्या वचनापासून. मधला भाग येतो इस्टरनंतरच्या मंगळवारी, आणि मंगळवारी सकाळी आमची अर्धी वसई विरार-चर्चगेट लोकलमध्ये लटकलेली असते. म्हणजे ज्या बाईने पहिल्यांदा बातमी आणली तिची भेट बहुतेकांच्या कानावर पडतच नाही. अ वर्षी इस्टरच्या रात्रीच्या मिस्सेत मत्तयमध्ये त्या बायकांना येशू भेटतो ते येतं, आणि २०१६ साली पोप फ्रान्सिस यांच्या काळात २२ जुलैच्या मरिया माग्दालेनाच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला, त्या दिवशीही हा प्रसंग वाचतात. पण तोही बहुतेकदा कामाचाच वार.

अजून बघा. इजिप्तचा राजा फारो याचा हुकूम मोडून हिब्रू मुलगे वाचवणाऱ्या सुइणी, शिफ्रा आणि पुआ, जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहेत. सनाचा आकडा विषम असेल त्या वर्षी जुलैत एका सोमवारी हा अध्याय वाचला जातो, पण १४ व्या वचनावरून थेट २२ व्या वर उडी, सुइणी मधल्या मध्ये गायब. नीतिसूत्रे ३१ मधल्या सद्गुणी स्त्रीचं वाचन अ वर्षी नोव्हेंबरात असतं, त्यात तिचं सूत, चाती, गरिबांना दान हे राहतं. ती शेत पारखून विकत घेते, कापड बनवून विकते, शहाणपणाचं बोलते, ती वचनं गाळलेली. आमच्याकडच्या बायका वर्षानुवर्षं पहाटेच्या गाडीने फुलं-भाजी घेऊन मुंबईला विकायला जात आल्या, त्यांना तर नेमकी तीच वचनं आपली वाटली असती!

यात कोणाचा कट आहे असं मला म्हणायचं नाही. मिस्सा म्हणजे बायबलचा क्लास नव्हे, वेळ मर्यादित असतो, लहान मुलं असतात. बाबेलच्या नद्यांकाठचं १३७ वं स्तोत्र आम्ही म्हणतो तेव्हा शत्रूची बाळं खडकावर आपटायचं शेवटचं वचन नसतं, आणि ते भर मिस्सेत गायला मला पण नको. पण काही उताऱ्यांना लांब आणि छोटं असे दोन पर्याय दिलेले असतात तिथे दरवेळी छोटंच का? येशू आणि शोमरोनी बाईचा विहिरीवरचा संवाद पूर्ण वाचायला फार तर चार-पाच मिनिटं जास्त लागतात, आमच्या सूचना त्याहून लांब चालतात. आणि आपण तरी काय करतो, मोबाईलवर त्या दिवसाचा उतारा उघडतो, वाचतो, बंद करतो. मोबाईलवर आजूबाजूचं पान दिसतच नाही. म्हणून मी आता शनिवारी रात्री पुस्तकच काढते आणि उताऱ्याच्या आधीचा आणि नंतरचा भाग पण वाचते, त्यात बरंच सापडतं.

तुमच्याकडे एवढीच विनंती, शनिवारच्या अंकात कोपऱ्यात दोन ओळींची जागा मिळाली तर उद्याच्या वाचनांचे अध्याय आणि वचनांचे आकडे छापा. पूर्ण उतारा नको, आकडेच पुरे. १ ते ९ असं दिसलं की दहाव्यात काय आहे ते बघायला कोणीतरी पुस्तक उघडेल.

आपली,
एक वाचक, वसई