बिनदुधाचा चहा

कटुनायके, श्रीलंका
३ जुलै २०२२

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई,
सा. न. वि. वि.

फोनवर काही धड बोलणं होत नाही. आई जेवलीस का विचारते, बाबा ‘परत ये’ म्हणतात, तेवढ्यात लाइट जाते आणि रेंजही. ऑफिसातला एक जण मंगळवारी मुंबईला निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र देतेय.

बाबा, तुम्ही विचारलंत, अख्ख्या देशाचं दिवाळं निघतं म्हणजे नेमकं काय होतं? इथे पेट्रोल, गॅस, औषधं, दूध पावडर सगळं बाहेरून येतं. त्याला डॉलर लागतात आणि ते संपले. २०१९ च्या ईस्टरला बॉम्बस्फोट झाले, पाठोपाठ कोरोना, पर्यटक आटले. त्यात नव्या राष्ट्राध्यक्षांनी निवडून आल्याबरोबर व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ वर आणला होता. लोक खूश, तिजोरी रिकामी. आपल्याकडे जो तो चीनच्या कर्जाचं नाव घेतो. ते कर्ज आहेच, पण जगाच्या बाजारात रोखे विकून उचललेलं त्याहून मोठं. शेवटी १२ एप्रिलला सरकारने सांगूनच टाकलं की परदेशी कर्ज आता फेडता येत नाही.

खताचं ऐकून तर मामा कपाळावर हात मारेल. गेल्या वर्षी सगळा देश एका हंगामात सेंद्रिय करायचा म्हणून रासायनिक खताची आयातच बंद केली. मामाच्या उसाला कुणी ऐन वेळी युरिया बंद म्हणून सांगितलं तर? नोव्हेंबरात बंदी उठवली, तोवर भाताचं जे व्हायचं ते झालं होतं. भात पिकवणाऱ्या देशाला तांदूळ विकत आणावा लागतोय.

तुम्ही ७२ साली आटपाडीकडे खडी फोडायला जायचात, मिलो ज्वारीच्या भाकरी खायचात, ते लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की मला दुष्काळ म्हणजे भेगाळलेली जमीनच वाटायची. इथे पाऊस धो धो पडतोय. परसात नारळ आहेत, फणस आहे. हिरव्यागार मुलखात लोक एक वेळचं जेवण गाळतायत, हे डोळ्यांना अजून पटत नाही.

रांगेला इथे ‘पोलिम’ म्हणतात. दिवसातून शंभरदा कानावर पडणारा शब्द. गेल्या सोमवारपासून १० तारखेपर्यंत खाजगी गाड्यांना पेट्रोलच नाही; मिळायचं तेव्हा ९२ ऑक्टेनचं लिटर इथले ४७० रुपये. तरी पंपाबाहेरची रांग हलत नाही, कारण नंबर जाईल. मला कारखान्यात सोडणारा रिक्षावाला तिसरी रात्र रिक्षातच झोपला. सैनिकांनी टोकन वाटलं, ते त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलंय. मला काढून दाखवलं, जपून घडी उलगडून, आपण जमिनीचा उतारा दाखवतो तसं. मी हल्ली चालतच जाते. पाऊण तास लागतो.

माझी घरमालकीण रिटायर शिक्षिका. मोठ्या बहिणीला सिंहलीतही अक्काच म्हणतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून माझी ती अक्का. मेपासून तिला सिलिंडर मिळालेलं नाही, मागच्या पडवीत तीन विटांची चूल मांडलीय. आई, तू बंबावर ठेवायच्या पातेल्याला बाहेरून राख-माती थापायचीस ना, काजळी सहज निघावी म्हणून? मी तिला शिकवायला गेले, तर तिचा लेप आधीच लावून तयार! आजीचं बघितलेलं चाळीस वर्षांनी हाताला आठवलं म्हणाली. दूध पावडर नाही म्हणून चहा बिनदुधाचा, तोंडात हकुरुचा म्हणजे इथल्या गुळाचा खडा धरून प्यायचा. मला आवडायला लागलाय, तेवढं आपलं सांगून ठेवते.

आता जे फोनवर सांगवत नाही ते. माझा पगार डॉलरच्या हिशेबाने ठरलेला. मार्चच्या सुरुवातीला डॉलरला २०० रुपये होते, आता ३६०. काही न करता मी पावणेदोन पट श्रीमंत झाले, आणि अक्काची पेन्शन आहे तेवढीच. जूनची महागाई ५४.६ टक्के निघालीय. भाडं वाढवून देते म्हटलं तर दोन दिवस बोलली नाही. म्हणून तांदूळ मी ‘माझ्यापुरता’ आणते आणि जास्त झाला म्हणून तिच्या डब्यात ओतते. ती काही बोलत नाही. तिला कळतं, मला कळतं. अशात बॅग भरून निघून येणं मला जमत नाहीये, बाबा. कारखाना चालतोय तोवर राहू द्या.

एक काम करा. सोबत अक्काच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्यांची चिठ्ठी आहे. इथे चार दुकानं फिरून दहाच मिळाल्या. सहा महिन्यांच्या घ्या आणि दूध पावडरची दोन मोठी पाकिटं. ऑफिसातला तो २० तारखेला परत येतोय, त्याआधी मुंबईला पोचतील असं बघा. आणि पाकिटांवरची किंमत खरवडून टाका, नाहीतर ती पैसे मोजायला बसेल.

तुमची लेक