सबवूफर घ्यायचा का? आधी ऐका

मा. संपादक,
स्टिरिओला सबवूफर, म्हणजे फक्त बेस (खालचे, जाड सूर) वाजवणारा वेगळा स्पीकर, जोडावा का, असं हल्ली मला बरेच जण विचारतात, म्हणून हे पत्र. माझं मत सांगतो, जोडा, पण धडधडाटासाठी नको. छोट्या स्पीकरचा आवाज साधारण ५०-६० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आकडा जितका कमी तितका सूर खालचा) खाली क्षीण होत जातो आणि बेस गिटारची सगळ्यात जाड तार वाजते ४१ हर्ट्झला, पियानोची पहिली पट्टी तर २७.५ ला, म्हणजे गाण्याचा पायाच आपल्याला अर्धवट ऐकू येत असतो.

पण खरी गडबड खोलीची असते. ४० हर्ट्झची लाट जवळपास साडेआठ मीटर लांब, ती भिंतींवर आपटून परत येते आणि मग एका खुर्चीत बेस घुमतो, दोन पावलं सरकलं की गायब! मी स्वतः सबवूफर माझ्या बसायच्या जागी ठेवला, एकच बेसचं गाणं लावलं आणि भिंतीकडेने जमिनीला कान लावत रांगत फिरलो, जिथे प्रत्येक सूर सारखा आणि स्वच्छ वाटला तिथेच तो कायमचा ठेवला. कोपऱ्यात नुसता घुमत होता हो!

क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, त्याखालचा आवाज कुठून येतो ते कानाला सहसा कळत नाही. व्हॉल्यूम इतकाच ठेवा की सबवूफर बंद केल्यावरच त्याची उणीव जाणवेल.

आणि प्लीज, रात्री तो बंद ठेवा. बेस भिंतीतून आरपार जातो, शेजारी कुणाचं तान्हं बाळ झोपलेलं असतं.

– एक संगीतप्रेमी वाचक