स्पर्धा आपत्तीग्रस्तांच्या गावीच भरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भूकंप, पूर, त्सुनामी असे काही झाले की पाठिंबा म्हणून मुलांची आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा भरवावी, अशी कल्पना पुढे येते. कल्पना उत्तम आहे. पण ती स्पर्धा लांबच्या मोठ्या शहरात घेऊन गावाला नुसता धनादेश पाठवणे पुरेसे नाही. ती त्या गावी, त्या गावच्या मैदानावरच व्हावी, असे आमचे ठाम मत आहे. कारण आपत्तीत घरांपाठोपाठ मैदान जाते. सपाट, मोकळी, रस्त्यालगतची जागा दुसरी नसते. मग तिथेच तात्पुरती घरे बांधतात, ढिगारे टाकतात, हेलिकॉप्टर उतरवतात. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमधल्या ओनागावात बेसबॉलच्या मैदानावर मालवाहू कंटेनर एकावर एक रचून तीन मजली घरे उभारली. गरजच तशी होती, पण खेळायची जागा तेवढा काळ गेली. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीतल्या शाळांच्या छावण्या झाल्या, त्यामुळे हे आपल्यालाही नवे नाही.

या बाबतीत फुकुशिमाचे 'जे-व्हिलेज' नीट पाहण्यासारखे आहे. १९९७ साली सुरू झालेले हे जपानचे राष्ट्रीय फुटबॉल प्रशिक्षण केंद्र. २००२ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाचा मुक्काम इथे होता. फुकुशिमाचे अणुवीज केंद्र इथून सुमारे २० किलोमीटरवर. मार्च २०११ मध्ये तिथे अपघात झाला आणि जे-व्हिलेजमध्ये आपत्कालीन कामाचा तळ पडला. हिरवळीवर खडी पसरली, गाड्या लागल्या, स्टेडियमच्या मैदानात कामगारांच्या खोल्या उभ्या राहिल्या. जुलै २०१८ मध्ये केंद्राचा काही भाग उघडला आणि एप्रिल २०१९ मध्ये सगळे केंद्र पुन्हा सुरू झाले. पूर्वी उच्च माध्यमिक शाळांच्या मुलग्यांची राष्ट्रीय उन्हाळी फुटबॉल स्पर्धा दरवर्षी वेगळ्या प्रांतात फिरायची. २०२४ पासून ती कायमची फुकुशिमाला दिली आहे. पाहुणे एकदाच येऊन गेले तर लॉजवाल्याला, बसवाल्याला, डबे पुरवणाऱ्याला काही उभे करता येत नाही. दरवर्षी येणार हे पक्के असले की करता येते.

अशा ठिकाणी परदेशी पालक आधी किरणोत्साराचे विचारणार. त्यांनी विचारायच्या आत आकडे भिंतीवर लागले पाहिजेत. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये जे-व्हिलेजच्या वाहनतळालगत जमिनीला टेकवून मोजले तेव्हा तासाला ७१ मायक्रोसिव्हर्ट (शरीराला लागणाऱ्या किरणोत्साराचे माप) आले. त्याच जागी एक मीटर उंचीवर १.७ होते. किरणोत्सार काढून टाकण्याच्या कामाचे उद्दिष्ट ०.२३ चे. पुढे तिथली माती काढण्यात आली. सरासरी आकडा चांगला असला तरी एखादा ठिपका असा राहून जातो, म्हणून नुसते मैदानाच्या मध्यावर मोजू नये. पावसाचे पाणी जिथे येऊन साचते त्या गटारी, उताराचा पायथा, कुंपणाची कड, वाहनतळ हे सगळे जमिनीलगत, अर्ध्या मीटरवर आणि एक मीटरवर मोजावे. जेवणाचेही तसेच. जपानमध्ये अन्नाची मर्यादा किलोला १०० बेकरेल (पदार्थातल्या किरणोत्साराचे माप) आहे आणि फुकुशिमाच्या मच्छीमारांनी स्वतःहून ५० ची पाळली आहे. हे आकडे त्या दिवसाच्या मोजणीसह, प्रत्येक संघाच्या भाषेत, जेवणघराच्या दाराशी लावावेत.

आता प्रत्यक्ष खेळाचे. बारा वर्षांखालील मुलांसाठी जपानची आठ जणांची पद्धत फार सोयीची आहे. मैदान ६८ बाय ५० मीटर, गोल ५ मीटर रुंद आणि २.१५ मीटर उंच, चेंडू ४ नंबरचा, २० मिनिटांचे दोन डाव. १०५ बाय ६८ चे एक मोठे मैदान परत मिळाले की आडवी फक्की मारून त्यात अशी दोन मैदाने बसतात. दोन मोठी मैदाने असली तर १६ संघांची स्पर्धा तीन दिवसांत नीट होते. चार-चार संघांचे चार गट करावेत. साखळीनंतर गटातले पहिले दोन वरच्या आठांत, उरलेले खालच्या आठांत, आणि दोन्हीकडे पहिल्या क्रमांकापासून शेवटच्यापर्यंत सगळे सामने खेळवावेत. एकूण ४८ सामने होतात, प्रत्येक संघाला सहा मिळतात, रोज दोनच. पहिल्याच दिवशी हरून कोणी घरी जात नाही. यजमान गावाचा संघ हटकून कच्चा असतो, कारण त्यांचा सराव बुडालेला असतो. बाद फेरी ठेवली तर तो पहिल्या दिवशीच बाहेर पडतो आणि उरलेले दिवस आपल्याच गावात प्रेक्षक म्हणून बसतो.

प्रत्येक छोट्या मैदानावरचे रोजचे चार सामने सकाळी आठ आणि नऊला, दुपारी चार आणि पाचला घ्यावेत. ऊन, दमटपणा आणि वारा धरून काढलेला उष्णतेचा निर्देशांक (डब्ल्यूबीजीटी) ३१ अंशांवर गेला की सामना सुरू करू नये, मग पाहुणे कोणीही आलेले असोत.

सामन्याला भोंगा नको. त्सुनामीचा इशारा ऐकलेल्या मुलांना त्या आवाजाने धस्स होते, शिट्टी पुरते. पहिल्या संध्याकाळी उद्घाटनाच्या आधी प्रत्येक संघाने उंचावरच्या सुरक्षित जागेपर्यंत चालत जाऊन यावे, कारण परदेशी मुलांना इशाऱ्याची भाषा कळत नाही. उचलून ठेवायचे गोल मागच्या दांड्यावर वाळूची पोती टाकून, खुंट्या मारून जखडावेत. हादऱ्यात किंवा वाऱ्यात ते पुढे कोसळतात आणि खाली मूल सापडते. आणि आपत्तीतून वाचलेल्या मुलांना स्टेजवर उभे करून 'तेव्हा काय झाले' हे कृपया सांगायला लावू नये.

२०१९ च्या रग्बी विश्वचषकात जपानमधल्या त्सुनामीग्रस्त कामाइशी गावातला कॅनडा-नामिबिया सामना वादळामुळे रद्द झाला, तेव्हा कॅनडाचे खेळाडू फावडी घेऊन रस्त्यावरचा चिखल काढायला उतरले. मुलांनाही झेपेल असे काम द्यावे. जपानमध्ये लहान गटात चांगल्या वागणुकीसाठी पंच हिरवे कार्ड दाखवतात, तेही इथे घ्यावे.

चेंडू, जाळ्या, फक्कीचे यंत्र आणि वाळूची पोती परत नेऊ नयेत. ती तिथल्या शाळेच्या नावे आधीच लिहून द्यावीत आणि पुढच्या वर्षीच्या तारखा अंतिम सामन्याआधी मैदानाच्या फाटकावर लावाव्यात.

आपले,
कनिष्ठ गटाच्या फुटबॉल स्पर्धांचे संयोजक व प्रशिक्षक, कोल्हापूर