मॅडम, त्या ठिपक्यांबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

खानापूरच्या, वंशभेदावरच्या त्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला मी नाखुशीनंच आले होते. वंशभेद म्हटलं की १८९३ साली गांधीजींना पीटरमारित्झबर्गला रेल्वेतून उतरवलं, एवढंच आम्हाला ठाऊक. जंगलाकडेच्या आमच्या मराठी शाळेत त्याचं काय काम, असं वाटलं होतं. तुम्ही उपदेश केला नाहीत. हजेरीपटाची झेरॉक्स जवळ ठेवा म्हणालात. ज्याला प्रश्न विचाराल त्याच्या नावापुढे ठिपका, ज्याला काम सांगाल त्याच्यापुढे फुली.

शनिवारी मुलं गेल्यावर कागद उघडला. माझ्या वर्गातल्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, मुलीच्या नावापुढे सहा फुल्या. घागर भर, बाक सरकव, झाडू घे. ठिपका एकही नाही. मॅडम, मी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. २०२० मध्ये बेळगाव-धारवाडचे सिद्दी अनुसूचित जमातीत आले, तेव्हा तिच्या घरच्यांचे दाखल्याचे अर्जही मीच भरून दिले होते. तेवढ्यानं माझं कर्तव्य झालं, असं धरून चालले होते.

मग एकेक आठवत गेलं. पळण्याच्या शर्यतीत तिचं नाव मी न विचारता घालायचे, भाषणाला कधीच नाही. तिच्या घरची बोली कोकणी-मराठी मिसळीची. तिनं तोंड उघडलं की मी 'नीट बोल' म्हणायचे. १९५६ पासून आपल्या भाषेसाठी झगडणाऱ्या सीमाभागातली मी. एका कचेरीच्या खिडकीवर मराठीत बोलले म्हणून मला तासभर ताटकळत ठेवलं होतं, ते अजून सलतं. आणि तेच मी एका लेकराला रोज करत होते.

तुम्ही विचारलंत, मलिक अंबर कोण? आम्ही सगळे एका सुरात: निजामशाहीचा वजीर, महसूल पद्धत, गनिमी कावा. मूळचा कुठला, म्हटल्यावर मात्र सगळे गप्प. इथिओपियातून गुलाम म्हणून विकत आणलेला तो माणूस आणि पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांचे इथले वंशज, म्हणजे सिद्दी, हे दोन धागे आम्ही कधी जोडलेच नव्हते.

यंदा मी नकाशावर खडू फिरवत इथिओपियापासून त्यानं वसवलेल्या खडकीपर्यंत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरपर्यंत आले. भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले, हेही सांगितलं. ती उठून उभी राहिली. "बाई, तो आमच्यासारखा दिसायचा?" मी म्हटलं, "हो गं, तोही आफ्रिकेतलाच." दुसऱ्या दिवशी आज्जाला घेऊन आली, दमाम हा सिद्दींचा ढोल वाजवायला. त्या दिवशी सगळा वर्ग तिला प्रश्न विचारत होता आणि ती तिच्या बोलीत उत्तरं देत होती. मी एकदाही टोकलं नाही.

सगळं सुधारलं असं नाही. तिच्या केसांवरून पोरं अजून बोलतात. तिथल्या तिथे थांबवते.

ठिपक्यांचा कागद दर सहामाहीला नवा काढते. मागच्या खेपेला गवळीवाड्यावरच्या दोन पोरांपुढे फुल्याच निघाल्या. आता त्यांच्याकडे वळले आहे.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक शिक्षिका