शोर्युकेनची किंमत

पुणे,
रविवार संध्याकाळ

प्रिय सुधीर,

तुझा निरोप ऐकला. स्ट्रीट फायटर खेळताना तुझी लेक सई एकच बटण दाबून शोर्युकेन (उसळी घेत वर मारलेला पंच) मारते, आणि तू हादोकेन (हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा) मारायला जातोस तेव्हा भलतंच काहीतरी निघतं. वर तुझा प्रश्न असा, की जे एका बटणावर होऊ शकत होतं त्यासाठी या लोकांनी इतकी वर्षं जॉयस्टिक का फिरवायला लावली? फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. माझ्या फार जिव्हाळ्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तुझा हादोकेन. गेम सेकंदाला साठ वेळा बघतो की जॉयस्टिक कुठल्या दिशेला आहे आणि कुठलं बटण दाबलंय. गेल्या काही क्षणांतल्या दिशा तो लक्षात ठेवतो. तू पंच दाबलास की तो मागे वळून तपासतो: खाली, मग खाली-पुढे तिरकं, मग पुढे, या क्रमाने आणि वेळेत आलं का? आलं तर हादोकेन, नाहीतर नुसता पंच. तू किती सुबक गोल फिरवलास याच्याशी त्याला देणंघेणं नाही. क्रम हवा. बहुतेकांचा मधला तिरका कोपरा निसटतो, कारण घाईत अंगठा खालून थेट पुढे उडी मारतो.

तुझी अडचण मात्र दुसरीच आहे. शोर्युकेनचा क्रम आहे पुढे, खाली, खाली-पुढे. तू समोरच्याकडे चालत चालत हादोकेन मारतोस, म्हणजे 'पुढे' आधीच दाबलेलं असतं. त्यानंतर तू खाली आणि तिरकं गेलास की शोर्युकेनचा क्रम पुरा झाला! दोन्ही जुळले की गेम सहसा शोर्युकेनला मान देतो. तेव्हा चालणं थांबव, एक श्वास जाऊ दे, जुनं 'पुढे' गेमच्या स्मरणातून निघून जाईल, आणि मग मार.

आता मुख्य मुद्दा. आपल्या पार्लरमधला मुस्तफाचा गेम, म्हणजे 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', आठव. हल्ला आणि उडी ही दोन्ही बटणं एकदम दाबली की तो गरकन फिरून भोवतालच्या सगळ्यांना लोळवायचा, पण ते कुणाला लागलं की आपलीच थोडी एनर्जी जायची. ताकदवान मूव्हची किंमत तिथे एनर्जीत मोजायची. स्ट्रीट फायटरमध्ये तीच किंमत हाताच्या हालचालीत दडवली आहे, आणि माझ्या मते आजवरच्या गेम डिझाइनमधल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी ही एक आहे.

कसं ते सांगतो. या गेममध्ये ब्लॉक करायला, म्हणजे फटका अडवायला, वेगळं बटण नाही, मागे दाबून धरलं की ब्लॉक. शोर्युकेनची सुरुवात होते 'पुढे'ने. म्हणजे उडी मारून येणाऱ्याला हवेतच पाडायचं असेल, तर आधी ढाल खाली ठेवावी लागते. तो क्षणभराचा उघडेपणा हीच त्या मूव्हची किंमत. याच गेममधल्या गाईल या लढवय्याचं बरोबर उलट. सॉनिक बूम या त्याच्या दूरवर जाणाऱ्या वारासाठी मागे धरून ठेवायचं आणि मग पुढे आणि पंच. मागे धरलं की ब्लॉक आपोआप होतो, म्हणजे तो सुरक्षित राहून दारूगोळा भरतो. पण ज्याला मागे धरूनच बसायचंय तो पुढे चालणार कसा? गाईल संयमी, वाट बघणारा वाटतो तो चेहऱ्यामुळे नाही, जॉयस्टिकमुळे. आणि तो पैलवान झांगिएफ! समोरच्याला पकडून आपटायच्या त्याच्या पाइलड्रायव्हरला जॉयस्टिकची पूर्ण चक्कर लागते, त्या चकरेत 'वर' येतं, आणि वर म्हणजे उडी. म्हणून मुरलेला खेळाडू ती चक्कर लपवतो. उडीतून खाली येताना किंवा दुसरा फटका चालू असतानाच ती फिरवून ठेवतो, म्हणजे पाय जमिनीला लागताच समोरचा त्याच्या हातात. नुसत्या दिशांच्या क्रमातून तीन वेगळे स्वभाव उभे राहिले.

मॉर्टल कॉम्बॅट या दुसऱ्या लढतीच्या गेमने १९९२ मध्ये ब्लॉकला वेगळं बटण दिलं. त्यामुळे त्यातल्या स्कॉर्पियन या लढवय्याचा भाला मागे, मागे आणि पंच असा निघतो, पण त्या 'मागे'चा बचावाशी काही संबंध उरत नाही. मला तो गेम आवडतो, पण हे नातं तिथे नाही.

हे सगळं पहिल्याच दिवशी जमलं नव्हतं. ताकाशी निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो यांच्या १९८७ च्या पहिल्या स्ट्रीट फायटरमध्ये हादोकेन, शोर्युकेन होते, पण निघायचे मुश्किलीने. निघाले की मोजक्या फटक्यांत समोरचा संपायचा. कौशल्यापेक्षा नवस फळल्यासारखं. १९९१ च्या दुसऱ्या भागात वेळेची सवलत वाढली आणि मूव्ह हुकमी झाल्या. त्यातच कॉम्बो सापडला. निर्माते नोरिताका फुनामिझू गाडी फोडायच्या बोनस फेरीत बग तपासत होते, तेव्हा एका फटक्याला दुसरा जोडता येतोय हे त्यांच्या लक्षात आलं. इतकं अचूक कुणाला साधणार, असं म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं. पुढे अख्खा खेळच त्यावर उभा राहिला. र्‍यूने बसून मध्यम जोराची किक मारायची आणि ती लागताच हादोकेन. यात मजा बघ: बसलेला असल्यामुळे जॉयस्टिक आधीच खाली आहे, म्हणजे हादोकेनची अर्धी वाट चालून झालेली असते. हे एकदा बोटांना कळलं की दोन मूव्ह वेगळ्या राहतच नाहीत.

जुन्या भागांत ब्लॉक केलेली स्पेशल मूव्हही (हादोकेनसारखी) थोडी एनर्जी खायची, हे तुला माहीत आहेच. २००४ च्या एव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत, स्ट्रीट फायटरच्या तिसऱ्या भागात, याच नियमावर सामना टांगला होता. दाइगो उमेहारा हा खेळाडू खेळवत असलेल्या केनची एनर्जी केसभर उरली होती. समोर जस्टिन वाँगच्या चुन-लीने सुपर, म्हणजे लाथांचा सर्वांत जोरदार मारा, सोडला, म्हणजे नुसता ब्लॉक केला तरी केन गेलाच. वाचायला एकच वाट होती, प्रत्येक लाथेला ऐनवेळी पॅरी, म्हणजे नेमक्या क्षणी जॉयस्टिक पुढे टिचकावून एनर्जी न गमावता ती परतवणं. दाइगोने पंधराच्या पंधरा लाथा परतवल्या आणि उलट कॉम्बो मारून तो राउंड जिंकला. मी अजूनही तो व्हिडिओ बघताना उठून उभा राहतो.

आता सईचा मुद्दा. २०२३ च्या स्ट्रीट फायटर ६ मधल्या मॉडर्न कंट्रोलमध्ये एका बटणावर (फार तर सोबत एक दिशा धरून) मूव्ह निघते, पण तिचा मार वीस टक्के कमी असतो, शिवाय काही साधे पंच-किकही मिळत नाहीत. म्हणजे किंमत काढून टाकलेली नाही, दुसऱ्या खिशातून घेतलीय. तरी एका बाबतीत ती तुझ्या पुढे आहे: तू उडी मारल्यावर ती विचार करून बटण दाबू शकते, ढाल तेवढा वेळ हातातच. म्हणून तू तिच्याविरुद्ध उड्या मारणं आधी बंद कर. चिडू नकोस आणि तिला क्लासिकवर, म्हणजे जॉयस्टिक फिरवायच्या जुन्या पद्धतीवर, यायला लावूही नकोस. कधी मारायचं हे तिला आधी कळतंय, कसं मारायचं ते मागून येईल. हो, आणि मॉडर्नमध्येही जॉयस्टिक फिरवून मूव्ह मारली तर पूर्ण मार मिळतो. हे तिला तूच सांग, बाप म्हणून तेवढा मान मिळव.

तू मात्र क्लासिक सोडू नकोस. ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट दाखवायची सोय चालू कर, म्हणजे तुझा तिरका कोपरा निसटतोय की जुनं 'पुढे' शिल्लक राहतंय ते पडद्यावर दिसेल. आधी फक्त डाव्या बाजूने, मग उजव्या. दिवाळीत येतोय, माझा कंट्रोलर घेऊन. तोवर झांगिएफची चक्कर लपवायला शीक, मला ती तुझ्याकडून खायची आहे.

वहिनींना नमस्कार, सईला शाबासकी.

तुझा,
मकरंद